तलावाकडे तोंड करून

आसगावच्या नवयुवक मंडळाचा कबड्डी संघ गेल्या एकतीस वर्षांत चौदा वेळा अंतिम सामना खेळला. त्यांतले नऊ तो जिंकला आणि त्या नऊपैकी एकही विजय ताराचंद सेलोकरनं पाहिला नाही. तो गावात नव्हता असं नाही, आजारी होता असंही नाही. दर वेळी तो मैदानातच होता, रेषेपासून जेमतेम वीस पावलांवर. फक्त त्याचं तोंड तलावाकडे होतं आणि पाठ सामन्याकडे, आणि ही व्यवस्था, पहिला विजय सोडला तर, गावानं सर्वानुमते केलेली होती.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू द्या. ज्याच्या गावात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाल्यापासून शिवरात्रीपर्यंत दुसरा विषय निघत नाही त्याच्याशी यावर बोलावं, इतरांशी बोलण्यात अर्थ नाही.

ताराचंद स्वतः कधी खेळाडू नव्हता. उभ्या आयुष्यात तो एकदाच चढाईला गेला, तेव्हा समोरचे सात जण बघून 'कबड्डी' म्हणायचंच विसरला आणि पंचानं त्याला मधूनच परत पाठवला. पण नाद असा, की कोणत्या गावचा कोणता पोरगा डाव्या पायानं आत शिरतो आणि कोणाचा गुडघा सुजलाय हे त्याला पाठ. आसगावचा सामना कुठंही असो, हा पिशवीत मुरमुरे भरून एसटीत बसलाच. त्याची बायको कुंताबाई म्हणे, पोरीच्या सोयरिकीसाठी यांनी एवढी गावं पालथी घातली असती तर कलेक्टर जावई मिळाला असता.

आता ही पाठ फिरवण्याची भानगड. पहिल्या वर्षी अंतिम सामना आसगावनं एका गुणानं घालवला. ताराचंदनं तो शेवटपर्यंत पाहिला होता, पण तेव्हा कोणी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी शेवटची चढाई सुरू झाली आणि नेमका त्याचा चांद्या नावाचा बैल बैलबंडीचं दावं तोडून तलावाकडे निघाला. ताराचंद त्याच्यामागं धावला आणि मागं गुलाल उडाला. मंडळाचे अध्यक्ष केशवराव तेव्हा पन्नाशीच्या आतले, कडक मिशीचे. त्यांनी विचार करून श्रेय बैलाला दिलं. तिसऱ्या वर्षी चांद्याला शिंगं रंगवून, गळ्यात झेंडूचा हार घालून रेषेजवळ बांधलं. ताराचंद त्याच्या शेजारी उभा राहून सामना बघत होता. आसगाव हरलं.

केशवरावांनी त्या दिवशी पारावर बसून पुरता हिशोब लावला. बैल असताना जिंकलो, बैल असताना हरलो, म्हणजे बैल निर्दोष. उरला ताराचंद. तो बघतो तेव्हा आपण हरतो, तो बघत नाही तेव्हा जिंकतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं शाळेच्या मास्तरांनी म्हणून पाहिलं. पण मास्तर बदलीवर आलेले, त्यांचं कोण ऐकतो. ठराव झाला की ताराचंदनं सामना खुशाल पाहावा, फक्त शेवटची दोन मिनिटं उरली की तोंड तलावाकडे करावं. बसण्यासाठी तलावाच्या बांधाखालचा एक चपटा दगड उचलून मैदानाच्या कडेला आणला. त्याला गाव ताराचंदचा दगड म्हणू लागलं.

तेव्हापासूनच्या अकरा अंतिम सामन्यांत आठ विजय मिळाले. तीन पराभवांचा जाब ताराचंदलाच द्यावा लागला. पहिल्या वेळी त्यानं शिंकताना मान वळवली होती. दुसऱ्या वेळी हातातल्या मोबाइलच्या काळ्या काचेत मागचं दिसलं असावं. तिसऱ्या वेळी काहीच सापडेना, तेव्हा त्यानं मनात पाहिलं असणार असं ठरलं. उलट जिंकल्यावर पहिला हार चढाई करणाऱ्या पोराला आणि दुसरा ताराचंदला मिळे, तोही पाठीमागून येऊन गळ्यात पडे. प्रतिस्पर्धी मोहाडीचा एक पाहुणा तर एका वर्षी पावभर जिलेबी घेऊन त्याच्या मागं उभा राहिला होता आणि 'काका, इकडे पाहा, गरम आहे' म्हणून आग्रह करत होता. ताराचंदनं हात मागं करून जिलेबी घेतली, मान वळवली नाही. ती गोष्ट आजही गावात अभिमानानं सांगतात.

अशा रीतीनं एकतीस वर्षांत ताराचंदनं तलाव इतका पाहिला, की कोणत्या कोपऱ्यात मासेमार ढिवरांनी शिंगाड्याचे वेल लावलेत आणि पाणकोंबडीची पिलं कितीची किती झाली हे त्याला विचारावं. सामना तो कानानं ऐके. पण शेवटच्या क्षणी सगळं गाव एकदमच ओरडे, त्यात काय कळणार. भोंग्यावर समालोचनाला भुपेंद्र असे. एरवी तो 'उजव्या कोपऱ्यातून बोनसचा प्रयत्न' असं झकास सांगतो, पण शेवटच्या चढाईत त्याच्या तोंडून 'अरे, अरे, अरे बाप्पा' यापलीकडे काही निघत नाही. सहा वर्षांपूर्वी एका पुतण्यानं मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात आधी एका म्हाताऱ्याचा दुपट्टा दिसतो, मग आभाळ, मग पुतण्याची स्वतःची चप्पल, कारण तो उड्या मारत होता.

पण ताराचंदजवळ कुंताबाई होती.

बैलाच्या वर्षापासूनच हे सुरू झालं. तो बैलाला घेऊन घरी आला आणि सगळ्यांच्या अंगावर गुलाल बघून रुसून बसला, जेवेना. तेव्हा कुंताबाई चुलीसमोर बसली आणि म्हणाली की मी पाहिलं ना सगळं, बसा, सांगते. आणि तिनं सांगितलं. पोरगा कुठून शिरला, कोणाच्या घोट्याला त्याची बोटं लागली, मागं वळताना त्याची कोणी चड्डी धरली आणि ती कशी फाटली पण त्यानं लाज सोडून रेषा कशी गाठली. ताराचंद ताटावर बसला तो भात संपला तरी उठला नाही.

त्यानंतर दर विजयाला असंच. शाळेच्या ओट्यावर बायका बसत, त्यात कुंताबाई पहिल्या रांगेत. सामना संपला की ती आधी मैत्रिणीकडे, आनंदाबाईकडे, विरजण आणायला जाई, तिथून अर्ध्या तासानं घरी येई, चूल पेटवी आणि सांगायला बसे. तिची हकीकत अशी तपशीलवार, की गल्लीतले लोकही ओसरीवर येऊन बसू लागले. पुढं पुढं तर ज्यानं चढाई केली तो पोरगादेखील आपली चढाई कुंताबाईच्या हकिकतीबरहुकूम सांगू लागला. आणि शेवट तिचा ठरलेला. जिंकल्यावर सगळे पोराला उचलायला धावतात, पण पोरगा आधी दगडाकडे बघतो, ताराचंदच्या पाठीकडे. हे वाक्य आलं की ताराचंद नाक शिंकरायला उठे.

आणि आता हे मैदानच चाललं होतं. त्याला कारण ताराचंदच.

मागच्या वर्षी अवकाळी पावसानं खरेदी केंद्रावर उघड्यावर पडलेलं धान भिजलं, त्यात ताराचंदची चाळीस पोती होती. ग्रामसभेत गोदामाचा ठराव आला तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी हात वर केला आणि दोन शब्दही बोलला. जागा वाचून दाखवली होती, गट क्रमांक दोनशे सोळा. गावातल्या धानाच्या प्रत्येक बांधीचा गट क्रमांक ताराचंदला तोंडपाठ, पण मैदानालाही गट क्रमांक असतो हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मैदान म्हणजे मैदान. बाहेर आल्यावर कोणीतरी सांगितलं तेव्हा तो मटकन पारावर बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गोदाम व्हायलाच हवं होतं, हेही त्याला कळत होतं. म्हणून तर रागावायला कोणी सापडेना. पुढच्या वर्षीपासून सामने पवनीच्या मोठ्या हॉलमध्ये, निळ्या मॅटवर होणार होते. तिथं खुर्च्या होत्या, पंखे होते आणि चारी बाजूंनी भिंती. भिंतीकडे तोंड करून बसायचं का, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला होता आणि तसाच राहिला होता.

तेव्हा हंगामाच्या शेवटच्या रविवारी, जुन्या मैदानावरच्या शेवटच्या अंतिम सामन्याच्या सकाळी, ताराचंद आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून केशवरावांकडे गेला. केशवराव आता पंचाहत्तरीचे, मिशी पांढरी, कान अधू. ते ओसरीवर पायाला तेल चोळत होते. ताराचंदनं उगाच पावसापाण्याच्या, गोदामाच्या गोष्टी केल्या, मग एकदम विषय काढला.

"दादाजी, आज मले पाहू द्या. एक डाव. उद्या त इथं ट्रॅक्टर येऊन राहिला."

केशवरावांनी तेलाची वाटी खाली ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू आवाजात बोलले.

"ताराचंद, तुहे डोळे चांगले आहेत, मी नाई कायले म्हणू. पन आपल्या संघाले ते सोसत नाई. शेवटचा सामना आहे बाबू. जुन्या मैदानावर हरून गेलो त माह्या जिवाले लागन."

ताराचंदनं मग हे वर्ष सोडून द्या, मी तुमचा काही लागत नाही का, वगैरे बरंच ऐकवलं. केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी जाहीर केलं की आज ते स्वतः त्याच्या शेजारी दगडावर बसतील. म्हणजे दोघांनीही बघायचं नाही, अन्याय एकावरच नको. ताराचंद चहा न पिता उठला.

घरी येऊन त्यानं कुंताबाईला सांगून टाकलं की केशवराव काहीही म्हणोत, आज मी वळणार आणि पाहणार. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, पाहा बाई एकदाचं. पण ती तांदूळ निवडता निवडता थांबली. सुपातला खडा तिनं अंगणात भिरकावला.

"त मंग मी काय करू?" ती म्हणाली. "मी सांगतेच ना दरसाल. माह्या सांगण्यात काही कमी पडलं का जी?"

कमी काही पडलं नाही, असं त्यानं परोपरीनं समजावलं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, एवढंच. कुंताबाईनं सूप उचललं आणि आत गेली. सबंध दुपार ती भांड्यांशी जरा जोरातच बोलत होती.

चार वाजता मैदानात मुंगीला जागा नव्हती. सासुरवाशिणी लेकरं घेऊन माहेरी आल्या होत्या, ताराचंदची लेक कामिनीही मोहाडीहून आली होती आणि नवरा मोहाडीचा म्हणून कोणाच्या बाजूनं ओरडायचं या पेचात होती. कारण समोर मोहाडीचाच संघ होता. चिंचेच्या फांद्यांवर पोरं लगडलेली, आलुबोंड्याच्या गाडीचा धूर, आणि भुपेंद्र भोंग्यावरून या ऐतिहासिक मैदानाचा इतिहास सांगत होता, त्यातला निम्मा त्यानं तिथंच रचलेला. ताराचंद एकदा चारी रेषांवरून फिरून आला. चुना अजून ओला होता. याच मातीत गेल्या एकतीस वर्षांत किती गुडघे फुटले, किती दात पडले, आणि उद्या इथं सिमेंटचे खांब येणार आणि त्यात आपलंच धान राहणार, असं त्याच्या मनात आलं. त्यानं वाकून चिमूटभर माती उचलली, पण ठेवायची कुठं हे न सुचून परत टाकली.

सामना जोरात झाला. आसगावचा भरवशाचा चढाईवाला म्हणजे कुलदीप, भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होता तो. मालकाकडून दोन दिवसांची सुट्टी मागून आलेला. पहिल्या डावात त्यानं नऊ गुण आणले. दुसऱ्या डावात मोहाडीनं त्याला दोनदा असा दाबला की बायकांनी ओट्यावरून शिव्या दिल्या. कधी हे पुढं, कधी ते. फळ्यावर खडूनं लिहिणाऱ्याचे हात पांढरे झाले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा दोन्हीकडे सत्तावीस.

केशवरावांनी ताराचंदच्या दंडाला धरलं. गर्दीनं आपसूक वाट करून दिली. दोघं म्हातारे दगडावर टेकले, तोंड तलावाकडे.

सूर्य पाण्यावर उतरला होता. दोन बगळे शिंगाड्याच्या वेलांत उभे होते. ताराचंद त्यांच्याकडे बघत होता आणि कानांनी मागचं ऐकत होता. मोहाडीचा एक जण आला, रिकामा गेला. आसगावचा गेला, रिकामा आला. परत मोहाडी, परत रिकामी. भुपेंद्र ओरडला की शेवटची चढाई, कुलदीप. त्यानंतर भोंग्यातून 'अरे, अरे' सुरू झालं.

शेजारी केशवरावांचा गुडघा थडथडत होता. मग तो थांबला. ताराचंदनं पाहिलं तर केशवराव दगडावरून उठून, काठीला टेकून, पूर्ण मागं वळून उभे होते. ज्या माणसानं कायदा केला तोच असा पाघळला. म्हातारा टाचा उंचावून लोकांच्या डोक्यांवरून बघायची धडपड करत होता आणि ताराचंद जगात आहे हे विसरला होता.

ताराचंद उठला. त्यानं डोळे मिटले, जय बजरंगबली म्हटलं आणि वळून डोळे उघडले.

दोन डोक्यांमधल्या फटीतून त्याला कुलदीप दिसला. मध्यरेषा ओलांडून, वाकून, डावा हात पुढं. बस, एवढंच. कारण त्याच क्षणी ताराचंदच्या मनात आलं की आपण बघतोय हे कुंतानं बघायला हवं. दरसाल ती बघते आणि आपण ऐकतो, आज दोघं मिळून बघू. म्हणून त्याची नजर कुलदीपच्या डोक्यावरून पलीकडे शाळेच्या ओट्याकडे गेली. उतरतं ऊन सरळ ओट्यावर पडलं होतं, बाई न बाई स्पष्ट दिसत होती.

पहिल्या रांगेत कुंताबाई बसली होती. हिरव्या लुगड्याचा पदर तिनं डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. पदरावरूनच दोन्ही हातांचे अंगठे दोन्ही कानांत खुपसले होते आणि ती मागंपुढं झुलत होती.

धूळ गेली असेल डोळ्यांत, ताराचंदला वाटलं. आता पदर काढेल. तिनं काढला नाही. शेजारची आनंदाबाई मान ताणून मैदान बघत होती आणि मधूनच कोपरानं कुंताबाईला ढोसत होती. कुंताबाई नाही नाही म्हणून मान हलवत होती, आणि ज्या सवयीनं ढोसणं आणि मान हलवणं चाललं होतं त्यावरून हे काही आजचं नव्हतं. ताराचंद बघतच राहिला. एकतीस वर्षं. ती चड्डी फाटलेली, ती घोट्याला लागलेली बोटं, तो एका पायावर रेषा गाठणारा पोरगा, सगळं त्या पदराच्या आत.

एकदम आभाळ कोसळल्यासारखा गलका झाला. गुलाल उडाला. आनंदाबाईनं कुंताबाईचा पदर ओढून काढला आणि तिच्या कानात काहीतरी ओरडली, तेव्हा कुठं कुंताबाईनं डोळे उघडले आणि तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली. ताराचंदनं घाईघाईनं मैदानाकडे पाहिलं. तिथं फक्त माणसांचा ढीग होता, आणि ढिगाखाली कुठंतरी कुलदीप असावा.

पाय आपोआप मागं आले आणि तो दगडावर बसला, तोंड तलावाकडे. बगळे उडून गेले होते.

मागून हार पडला. हार घालणारे केशवराव होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिंकलो ताराचंद, एका गुणानं जिंकलो, असं ते म्हणत राहिले. मग एकदम त्यांना आपलं कर्तव्य आठवलं आणि त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "तू पाहिलं त नाई ना?"

"नाई दादाजी," ताराचंद म्हणाला. "शप्पथ. मी काहीच पाहिलं नाई." आणि यातला शब्द न शब्द खरा होता.

गावानं त्याला खांद्यावर घेतलं. दगडालाही कोणी गुलाल लावला. तो पवनीला न्यायचा आणि हॉलच्या दारात ठेवायचा, असंही तिथल्या तिथं ठरलं. ताराचंद खांद्यांवरून गर्दीतून जात असताना त्याला गल्लीच्या तोंडाशी कुंताबाई दिसली. ती आनंदाबाईच्या घराकडे निघाली होती, विरजण आणायला. दोघींची डोकी अगदी जवळ. आनंदाबाई एक हात पुढं करून, एक पाय मागं ताणून काहीतरी दाखवत होती आणि कुंताबाई एकेका गोष्टीवर मान डोलवत होती.

घरी आल्यावर ताराचंदनं शिंक्यावरचं मडकं उतरवून बघितलं. आत काठोकाठ दही होतं.

त्याला राग यायला हवा होता. तो ओसरीवर बसून रागाची वाट बघू लागला, पण राग काही येईना. त्याला आठवत राहिलं की पहिल्या वर्षी हरल्यावर आपण दोन दिवस जेवलो नव्हतो, आणि तिसऱ्या वर्षी तीन. त्या वेळी कामिनी अंगावर पिणारी होती, आणि ही बाई भरल्या ताटासमोर उपाशी बसून राहिली होती. गावाला संघाची काळजी होती. हिला कबड्डीतलं काय कळत होतं कोण जाणे, हिला एकाच माणसाची काळजी होती, आणि ती काळजी उघड्या डोळ्यांनी करायची तिची छाती नव्हती. आपण तरी वळून बघायची हौस धरत होतो. तिला बघायची मुभा असून ती बघत नव्हती. ताराचंदनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

दिवेलागणीला कुंताबाई हातात वाटी घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे चोरून पाहिलं. सकाळचा अबोला अजून मध्ये होता.

"पाहिलं मंग तुमी?" तिनं विचारलं.

"नाई वो. केशवरावानं धरून ठेवलं. दिसलंच नाई काही."

कुंताबाईचा चेहरा जो खुलला, तो गुलाल उडाल्यावरही खुलला नव्हता. तिनं पटापटा चूल पेटवली, तवा चढवला, लाखोळीच्या डाळीचं वाटण पुढं ओढलं आणि वडे थापायला बसली. कामिनी नवऱ्याची समजूत काढायला फोन घेऊन बाहेर गेली होती. ओसरीवर गल्लीतले चार लोक येऊन बसले. त्यांत केशवराव होते, आणि पायाला पट्टी बांधलेला कुलदीपही होता.

"त पोट्टा असा वाकून गेला," कुंताबाईनं सुरुवात केली आणि वडा थापता थापता डावा हात पुढं केला. "मोहाडीचा तो जाड्या कोपऱ्यात दडून. पोट्ट्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाई, दुसरीकडेच पाहत राहिला, आन पाय मात्र जाड्याकडे."

"बराबर," कुलदीप म्हणाला.

"कामिनीची माय," ताराचंदनं मध्येच विचारलं, "लय धूळ उडून राहिली होती ना. तुह्या डोळ्यांत नाई गेली?"

असा प्रश्न त्यानं एकतीस वर्षांत विचारला नव्हता. कुंताबाईचा हात वाटणात थांबला. चुलीतलं लाकूड तिनं विनाकारण आत सारलं.

"गेली ना," ती म्हणाली. "पन मी पापणी हलू देल्ली नाई. मी नाई पाहिलं त तुमाले कोन सांगन?"

"हे खरं आहे," ताराचंद म्हणाला.

मग ती पुन्हा सुरू झाली. जाड्यानं कुलदीपचा घोटा धरला, कुलदीप पोटावर पडला, मातीत नखं रुतवून इंच इंच सरकला आणि दोन बोटं रेषेला लागली तेव्हाच पंचाची शिट्टी वाजली. लोक जागच्या जागी पुढं सरकले होते. कुलदीप आपल्याच बोटांकडे बघत होता. केशवरावांनी कानामागं हात धरला होता, आणि सामना स्वतः बघितलेला असूनही त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. ताराचंदच्या डोळ्यांसमोर मैदान लख्ख उभं राहिलं, चुन्याच्या रेषा, चिंच, ओटा, सगळं, उद्याच्या ट्रॅक्टरला जिथं शिरता येणार नाही असं.

"सगळे पोट्ट्याले उचलाले धावले," कुंताबाई म्हणाली, "पन त्यानं पयले मान वर केली आन दगडाकडे पाहिलं. तुमच्या पाठीकडे."

कुलदीपनं तोंड उघडलं. माणसांच्या ढिगाखाली तोंडात माती गेली असताना आपण कुठं पाहिलं, हे त्याला आठवत नसावं. ताराचंदनं त्याच्याकडे एकदाच बघितलं.

"हो काकाजी," कुलदीप म्हणाला. "पाहिलं मी."

कुंताबाईनं गरम वडा ताराचंदच्या ताटात टाकला. तो तिच्याकडे तोंड करून नीट मांडी घालून बसला.

"आता पयल्यापासून सांग," तो म्हणाला.